एचआयव्हीसह जगताना फुप्फुसांची काळजी : नव्याने उपचार सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, देणाऱ्या केंद्रात ज्या दिवशी पहिल्यांदा नाव नोंदवले जाते, त्या दिवशी माणसाला इतक्या गोष्टी सांगितल्या जातात की घरी पोहोचेपर्यंत त्यांतल्या निम्म्या विसरलेल्या असतात. गोळी रोज ठरावीक वेळी घ्या, एकही दिवस चुकवू नका, जोडीदाराची तपासणी करून घ्या, पुढची तारीख पाळा. आणि या सगळ्याच्या शेवटी, बहुधा आपण खुर्चीवरून उठता उठता, समुपदेशक म्हणतात, ‘खोकला, ताप असे काही वाटले तर लगेच या.’ हे शेवटचे वाक्यच सर्वांत कमी लक्षात राहते.

प्रस्तुत लेख त्या एका वाक्याचा विस्तार आहे. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने खोकला अंगावर का काढू नये, तो सुरू झाल्यावर कोणाकडे जावे, तिथे काय सांगावे आणि काय मागावे, आणि मुळात ती वेळ येऊ नये म्हणून आधीपासून काय करून ठेवावे, हे यात क्रमाने मांडले आहे. महाराष्ट्रातील सरकारी एआरटी केंद्रांतून उपचार घेणारे प्रौढ वाचक डोळ्यांसमोर आहेत; गोव्यातील किंवा इतर राज्यांतील व्यवस्था एकाच राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग असल्यामुळे फारशी वेगळी नाही. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हा निर्णय मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

एचआयव्ही हा रक्तातला आजार, अशी आपली समजूत असते. पण या आजाराची जगाला पहिली चाहूल लागली ती फुप्फुसांतून. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या सरकारी टिपणात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद होती. तो न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होतो आणि सुदृढ माणसाला सहसा होत नाही. आपल्याकडे या न्यूमोनियापेक्षाही मोठा धोका आहे तो क्षयरोगाचा, म्हणजे टीबीचा. टीबीचे जंतू असंख्य भारतीयांच्या शरीरात निद्रिस्त असतात. एचआयव्ही नसलेल्या माणसात ते जागे होऊन आजार होण्याची शक्यता संपूर्ण आयुष्यात मिळून साधारण ५ ते १० टक्के असते. एचआयव्ही असून एआरटी न घेणाऱ्या माणसात जवळपास तेवढीच शक्यता दर वर्षी असते. एआरटीमुळे ती पुष्कळ खाली येते, पण पूर्णपणे इतरांइतकी होत नाही. म्हणून ‘माझ्या गोळ्या नियमित चालू आहेत, मला काय होणार’ हा विश्वास बऱ्याच अंशी रास्त असला, तरी खोकल्याच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

आधी दोन आकडे पाठ करा

पहिला आकडा सीडी-फोरचा. या पांढऱ्या पेशी रोगप्रतिकारशक्तीची सूत्रे हलवतात. निरोगी प्रौढाच्या रक्तात त्या एका घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० असतात. खोकल्यामागे काय असू शकते, याचा अंदाज डॉक्टर बऱ्याच अंशी या आकड्यावरून बांधतात. टीबी आणि नेहमीच्या जिवाणूंचा न्यूमोनिया कोणत्याही सीडी-फोरला होऊ शकतो. आकडा २०० च्या खाली गेला की वर सांगितलेल्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचा विचार करावाच लागतो, आणि १०० च्या खाली क्रिप्टोकॉकससारख्या इतर बुरशींचा धोका वाढतो. २०० च्या खालच्या अवस्थेला डॉक्टर ‘पुढारलेला एचआयव्ही आजार’ मानतात, मग बाहेरून माणूस कितीही ठणठणीत दिसो. बरेच जण या अवस्थेतच पहिल्यांदा तपासणीला येतात, कारण तोवर त्यांना काहीच त्रास झालेला नसतो.

दुसरा आकडा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या संख्येचा. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दर वर्षी ही तपासणी मोफत होते. व्हायरल लोड दबलेला आहे, याचा अर्थ गोळ्या लागू पडत आहेत.

हे दोन्ही आकडे, तारखांसह, केंद्रातून मिळणाऱ्या एआरटीच्या पुस्तकात लिहिलेले असतात. त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवावा आणि फोनला कुलूप लावावे. रात्री दोन वाजता धाप लागून एखाद्या अनोळखी रुग्णालयात पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडेल अशी हीच माहिती असते, आणि नेमके तेव्हाच पुस्तक घरी, कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असते.

टीबीचे चार प्रश्न, प्रत्येक भेटीत

बसस्थानकावर, दवाखान्याच्या भिंतीवर ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असल्यास तपासणी करा’ असे फलक आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ते दोन आठवडे इतरांसाठी आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला एक दिवसाचा खोकला असला तरी तो सांगायचा असतो. केंद्रात दर भेटीत चार प्रश्न विचारले जातात, किंवा विचारले जायला हवेत: सध्या खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले आहे का, रात्री अंग घामाने भिजते का. यांतल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर टीबीची तपासणी पुढे सरकते. लहान मुलांच्या बाबतीत वजन न वाढणे आणि घरात कोणाला टीबी असणे, या गोष्टी विशेष विचारल्या जातात.

गर्दीच्या दिवशी हे प्रश्न घाईत उरकले जातात आणि रांगेत ताटकळलेला रुग्णही ‘नाही, नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘आधीच एक आजार, त्यात आणखी टीबी निघाला तर घरच्यांना काय सांगू,’ ही भीती त्यामागे असते, हे समजण्यासारखे आहे. पण लपवलेला टीबी काही आठवड्यांतच स्वतः जाहीर होतो आणि तेव्हा तो फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेला असू शकतो. त्यामुळे कोणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. मानेतील किंवा काखेतील गाठ, एका बाजूच्या छातीत श्वास घेताना दुखणे, हेही सांगावे. एचआयव्हीमध्ये टीबी फुप्फुसाबाहेर होण्याचे प्रमाण जास्त असते.

थुंकीची तपासणी, आणि ती फसते कधी

तपासणीसाठी छातीतून आलेला बेडका लागतो; तोंडातली लाळ चालत नाही. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा दीर्घ श्वास घ्यावा, मग खोल खाकरून बेडका डबीत काढावा आणि झाकण घट्ट लावावे. हे काम घराबाहेर, मोकळ्या हवेत करावे. बंद खोलीत किंवा न्हाणीघरात करू नये. बेडका येतच नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. खारट पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो. लाळ भरलेली डबी देऊन आलेला ‘टीबी नाही’ हा अहवाल काहीच सांगत नाही.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. टीबीमध्ये फुप्फुसाला पोकळ्या पडतात त्या एकट्या जंतूंमुळे नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी झुंजते आणि त्या झटापटीत फुप्फुसाचा भाग नासतो. या पोकळ्यांमध्ये जंतू लाखोंनी वाढतात आणि थुंकीत उतरतात. सीडी-फोर फार कमी असेल तर ही झुंजच होत नाही, पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू कमी येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. एक्स-रेही कधी जवळपास स्वच्छ दिसतो. म्हणजे प्रतिकारशक्ती जितकी खालावलेली आणि धोका जितका जास्त, तितकी जुनी तपासणी फसण्याची शक्यता जास्त. यासाठी एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची थुंकी सुरुवातीलाच सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रावर तपासायची असते. ती जंतूंचा जनुकीय अंश शोधते, काही तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही, हेही सांगते. ‘माझी थुंकी सीबीनॅटवर गेली का?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. रुग्ण फार आजारी असेल किंवा सीडी-फोर खूप कमी असेल, तर लघवीच्या पट्टीवर करायची लॅम नावाची तपासणीही असते. ज्याला बेडका येत नाही त्याला तिचा फार उपयोग होतो.

एक सावधगिरी. गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून खोकल्यासाठी ‘स्ट्राँग’ गोळी आणणे आपल्याकडे सर्रास चालते. ती गोळी लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली असली तर टीबीचे जंतू काही दिवस दबतात, माणसाला बरे वाटते, थुंकीचा अहवाल फसवा येतो आणि निदान महिनाभर लांबते. नमुना देण्याआधी असे काही घेतले असेल तर रिकामे पाकीट सोबत न्यावे.

आजार नसताना घ्यायच्या गोळ्या

टीबी नाही, असे ठरल्यानंतर तो होऊ नये म्हणून टीबी प्रतिबंधक उपचार दिला जातो. सीडी-फोर कितीही असला तरी तो घ्यायचा असतो. आयसोनियाझिडची गोळी रोज, सहा महिने, असा त्याचा जुना आणि सर्वत्र परिचित प्रकार आहे. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घेण्याचा नवा प्रकारही कार्यक्रमात आला आहे. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात. त्या येऊ नयेत म्हणून बी-सिक्स जीवनसत्त्वाची छोटी गोळी सोबत असते. ‘ही तर नुसती ताकदीची गोळी’ म्हणून ती बाजूला काढून ठेवणारे बरेच असतात. भूक मरणे, मळमळ, डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणे, ही यकृताला त्रास होत असल्याची लक्षणे आहेत. ती दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी केंद्र गाठावे. या काळात दारू पूर्ण बंद ठेवावी.

दुसरी गोळी कोट्रायमॉक्सॅझोलची, जिला बहुतेक ठिकाणी ‘सेप्ट्रान’ म्हणूनच ओळखतात. सीडी-फोर ३५० च्या खाली असेल तर ती रोज एक याप्रमाणे दिली जाते. जुनी, स्वस्त आणि दिसायला साधी असल्यामुळे तिला कोणी मान देत नाही. माझ्या मते एआरटीखालोखाल सर्वाधिक जीव वाचवणारी गोळी हीच आहे. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया ती रोखतेच, शिवाय मेंदूतील टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या आणि काही जिवाणूंच्या संसर्गांपासूनही संरक्षण देते. एआरटी सुरू राहून सीडी-फोर सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ३५० च्या वर आला की डॉक्टर ती बंद करतात. तोवर आपण बंद करू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगावर पुरळ उठले, विशेषतः तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर गोळी थांबवून लगेच दाखवावे. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना डॅप्सोन हा पर्याय देता येतो.

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला हीच गोळी किंवा तिचे पातळ औषध सहाव्या आठवड्यापासून सुरू करतात आणि बाळाला लागण नाही हे पक्के होईपर्यंत चालू ठेवतात. बाळ गुटगुटीत दिसते म्हणून आजीच्या सांगण्यावरून ते थांबवू नये, कारण हा न्यूमोनिया बाळांना तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांतच जास्त गाठतो.

खोकला सुरू झाल्यावर : दिवस मोजा, पायऱ्या मोजा

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो ‘किती दिवसांपासून?’ हा. ‘बरेच दिवस’ हे उत्तर कोणाच्याच कामाचे नसते. कॅलेंडरवर खूण करावी.

थंडी वाजून ताप, छातीत टोचणारे दुखणे, पिवळा किंवा गंजासारखा बेडका, आणि हे सारे एक-दोन दिवसांत उद्भवलेले असेल, तर नेहमीच्या जिवाणूंचा, बहुधा न्यूमोकॉकसचा, न्यूमोनिया असण्याचा संभव अधिक. अनेक आठवडे रेंगाळणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि सैल होत गेलेले कपडे, हे चित्र टीबीकडे बोट दाखवते. या दोन्हींच्या मधले एक चित्र आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा हुकते: कोरडा खोकला, थोडासा ताप आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढत गेलेली धाप. माणूस बसून नीट बोलतो, डॉक्टरांना नळीतून छाती स्वच्छ ऐकू येते, एक्स-रेही सुरुवातीला साधारण दिसू शकतो. पण मागच्या महिन्यात दोन मजले सहज चढणारा माणूस आता पहिल्याच मजल्यावर कठड्याला धरून उभा राहतो. सीडी-फोर २०० च्या खाली असताना असे घडले तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया गृहीत धरूनच चालावे लागते. तपासणाऱ्यांना ‘दम लागतो’ एवढेच न सांगता ‘पूर्वी इतके चालत होतो, आता इतकेच चालवते’ असे सांगावे.

इथे कोरोनाकाळात घरोघर आलेला ऑक्सिमीटर उपयोगी पडतो. बोट गरम असावे, नखाला रंग नसावा. बसून आकडा पाहावा, मग घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा पाहावा. तेव्हा आपल्या आरोग्य खात्याने शिकवलेली तीच चाचणी. बसलेले असताना ९७ आणि चालल्यावर ९२, अशी घसरण दिसली तर बसलेल्या आकड्यावर समाधान मानू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मुळातच धाप लागत असेल तर चालण्याचा प्रयोग न करता निघावे.

बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली, मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, आधाराशिवाय चालता न येणे, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, नाडी १२० च्या वर, ओठ निळसर पडणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे, यांतले एकही असेल तर एआरटी केंद्र उघडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. न्यूमोसिस्टिसचा उपचार कोट्रायमॉक्सॅझोलच्याच मोठ्या मात्रेने, वजनानुसार, २१ दिवस चालतो आणि ऑक्सिजन कमी असेल तर सुरुवातीपासून स्टेरॉइड दिले जाते. वेळेत सुरू झालेल्या या उपचाराने माणसे बरी होतात. घरी वाफारे घेत काढलेला एक आठवडा मात्र पुढे अतिदक्षता विभागात फार महागात पडतो.

टीबी निघालाच तर

टीबीची औषधे आधी सुरू होतात आणि एआरटी अजून सुरू नसेल तर ती त्यामागून, सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांच्या आत. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर डॉक्टर मुद्दाम काही आठवडे थांबतात. एआरटी आधीपासून चालू असेल तर ती थांबवायची नसते; ‘एका वेळी इतक्या गोळ्या झेपणार नाहीत’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला ऐकू नये.

फरक पडतो तो मात्रेत. आपल्याकडे बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर या तीन औषधांची मिळून एकच गोळी दिली जाते. टीबीवरचे रिफाम्पिसिन यकृताला डोलुटेग्राव्हिर लवकर संपवायला लावते, त्यामुळे बारा तासांनी डोलुटेग्राव्हिरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी घ्यावी लागते आणि टीबीची औषधे संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवावी लागते. टीबीची औषधे खाजगी डॉक्टरांकडून घेणाऱ्यांच्या बाबतीत ही जादा गोळी हमखास राहून जाते, कारण दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नसतो. दुसऱ्या टप्प्याची एआरटी, म्हणजे अटाझानाव्हिर किंवा लोपिनाव्हिर रिटोनाव्हिरसह घेणाऱ्यांना तर रिफाम्पिसिन चालतच नाही; त्याऐवजी रिफाब्युटिन देतात. टीबीची औषधे घेताना लघवी केशरी-लाल होते, त्याने घाबरू नये. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मात्र कमी होतो, हे स्त्रियांना बहुधा कोणी सांगत नाही. दुसरे साधन वापरावे.

एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत कधी कधी उलटेच घडते: वजन वाढू लागलेले असते, आणि अचानक ताप परततो, मानेतील गाठी फुगतात, खोकला वाढतो. सावरलेली प्रतिकारशक्ती आत दडलेल्या जंतूंवर तुटून पडते, त्याची ही सूज असते. डॉक्टर तिला ‘आयरिस’ म्हणतात. ‘गोळ्यांनीच आजार वाढवला’ असे समजून याच टप्प्यावर गोळ्या सोडणारे लोक आहेत. गोळ्या चालू ठेवून केंद्रात जावे. बहुतेकदा सूज कमी करणारे औषध पुरेसे होते.

टीबीची नोंद निक्षय या सरकारी संगणकप्रणालीत झाली की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा हिशेबाने रक्कम बँक खात्यात जमा होते. २०१८ मध्ये ५०० रुपयांनी सुरू झालेली ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. खाजगी दवाखान्यात उपचार घेणाऱ्यांनाही ती मिळते. चौकशीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे. घरात खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पहिले काही आठवडे मास्क वापरावा. ताट-वाटी वेगळी काढण्याचे काही कारण नाही, कारण टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. एचआयव्ही तर खोकल्यातून पसरतच नाही.

इनहेलर, पित्ताची गोळी आणि इतर छोटे सापळे

दमा किंवा जुनाट खोकल्यासाठी छातीचे डॉक्टर इनहेलर देतात. रिटोनाव्हिर घेणाऱ्या व्यक्तीने फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड असलेला इनहेलर वापरला तर ते स्टेरॉइड शरीरात साचत जाते. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बेक्लोमेथासोन हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. डोलुटेग्राव्हिर घेणाऱ्यांना ही अडचण नाही, पण त्यांच्यासाठी दुसरी आहे: पित्तावरचे पांढरे पातळ औषध, कॅल्शियम, लोह आणि जस्त यांच्या गोळ्या डोलुटेग्राव्हिरला पोटातच बांधून ठेवतात. एआरटीची गोळी यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत घेतल्यास एकत्र चालतात. पित्ताचे औषध जेवणासोबतही चालत नाही.

याचा अर्थ असा की छातीच्या डॉक्टरांना आपण कोणती एआरटी घेतो, हे सांगणे भाग आहे. संकोच होत असेल तर एआरटी केंद्रातून औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी मागून न्यावी. ते कळल्यावर कोणी उपचार नाकारले, तर ते बेकायदा आहे: २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला असून आरोग्यसेवेत भेदभाव करण्यास आणि संमतीशिवाय माहिती उघड करण्यास त्यात मनाई आहे. वीस किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी असणे बंधनकारक आहे, आणि त्यापुढे राज्याचे लोकपाल आहेत. १०९७ या क्रमांकावर फोन केल्यास पुढची वाट सांगितली जाते.

लशी

फ्लूची लस दर वर्षी घ्यावी, तीही सुईतून दिली जाणारी निष्क्रिय लस. नाकात फवारायची जिवंत विषाणूंची लस घेऊ नये. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, त्यामुळे ती एप्रिल-मेमध्ये घेणे सोयीचे. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याने स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पाहिला, तेव्हाही पावसाळाच होता. न्यूमोकॉकसविरुद्धची लस वेगळी असते. तिचे प्रकार दोन, आणि डॉक्टर आधी संयुग्मित (कॉन्ज्युगेट) प्रकारची देऊन किमान आठ आठवड्यांनी दुसरी देतात. नव्या, २० उपप्रकारांच्या लशीची एकच मात्रा पुरते. प्रौढांना या लशींसाठी बहुधा स्वतः खर्च करावा लागतो आणि तो थोडा नाही. एकच परवडत असेल तर कोणती आधी, हे डॉक्टरांना विचारावे. सीडी-फोर २०० च्या खाली असताना कोणतीही जिवंत विषाणूंची लस घेऊ नये.

धूर

नियमित एआरटी घेणाऱ्या माणसाचा सर्वांत मोठा शत्रू पुष्कळदा एचआयव्ही नसतो, बिडी-सिगारेट असते. डेन्मार्कमधील रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चांगले उपचार मिळणाऱ्या रुग्णांच्या आयुष्याची धूम्रपानामुळे सुमारे १२ वर्षे कमी झाली, तर एचआयव्हीमुळे सुमारे ५. एचआयव्ही असलेल्यांमध्ये श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार आणि फुप्फुसाचा कर्करोग इतरांपेक्षा लवकर दिसतात, आणि टीबी होऊन गेलेल्या फुप्फुसावर बिडीचा धूर म्हणजे जखमेवर मीठच. तंबाखू मळणारा किंवा मिश्री लावणारा म्हणेल की आमच्यात धूर कुठे आहे. फुप्फुसापुरते त्यात थोडे तथ्य आहे, पण तोंडाच्या कर्करोगाचे काय? सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मराठीतूनही मदत मिळते. चूल पेटवणाऱ्या बाईने ‘मी बिडी ओढत नाही’ म्हणून निर्धास्त राहू नये. गॅस परवडत नसेल तर निदान चूल पडवीत, वारा खेळेल अशी मांडावी. टीबी पूर्ण बरा होऊनही चढावर दम लागत राहिला तर फुंकर मारून करायची स्पायरोमेट्रीची तपासणी मागावी. उरलेला दम हा नेहमीच नवा टीबी नसतो.

कबुतरांविषयी एक शब्द. क्रिप्टोकॉकसची बुरशी कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आढळते, आणि ती श्वासावाटे आत जाते. मुंबईतील कबूतरखान्यांच्या वादात कोणीही कोणत्याही बाजूचे असो, सीडी-फोर कमी असलेल्या माणसाने खिडकीच्या छज्जावरची ती साफसफाई दुसऱ्या कोणावर सोपवावी, आणि त्यानेही ती ओली करूनच खरवडावी.

गाव सोडण्याआधी

दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडून ऊसतोडीला जाणारी माणसे चार-पाच महिने गावी परतत नाहीत, आणि फुप्फुसाचे आजार बळावतात ते नेमके याच काळात: थंडी, उसाच्या पाचटाचा धूर, कोपीत दाटीवाटीने झोपणे, आणि संपलेल्या गोळ्या. निघण्याच्या दोन आठवडे आधी केंद्रात जाऊन कारखान्याचा तालुका सांगावा. प्रकृती स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. नाही तर त्या भागातील एआरटी केंद्रासाठी किंवा त्याला जोडलेल्या लिंक एआरटी केंद्रासाठी चिठ्ठी मिळते, आणि प्रवासात गोळ्या संपल्यास पुस्तक दाखवून जवळच्या केंद्रातून तात्पुरता पुरवठा घेता येतो. टीबी प्रतिबंधक उपचार अर्धवट असेल तर त्याच्या उरलेल्या गोळ्या वेगळ्या मोजून घ्याव्यात. एआरटीच्या डब्यात त्या आपोआप येत नाहीत. पुस्तक, शेवटचा एक्स-रे आणि ऑक्सिमीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये पत्र्याच्या पेटीत वरच ठेवावे.